कार्ड पुढे बदलेल, एसएमपीएस राहील

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मला १०८०पी वर गेम खेळण्यासाठी पीसी जुळवायचा आहे. बजेट बेताचं आहे, म्हणून आत्ता जमेल तेवढं घ्यावं, दोन-तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड आणि त्यानंतर प्रोसेसर बदलावा असा विचार आहे. मित्राने दिलेली यादी अशी: रायझन ७ ५७०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ८ जीबीचं रेडिऑन आरएक्स ७६०० कार्ड, २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, ५१२ जीबी एसएसडी, पुढे काच आणि सहा रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट, आणि त्या कॅबिनेटसोबतच येणारा '७५० वॅट'चा एसएमपीएस. मॉनिटर जुनाच, ६० हर्ट्झचा. हा पीसी पुढे वाढवता येईल का? आणि पैसे कमी पडले तर कार्ड दोन महिन्यांनी घेतलं तर चालेल का?"

या यादीतून पीसी सुरू होईल, गेमही चालतील. पण तुम्ही विचारलंय ते पुढचं, आणि तिथे ही यादी अडते. मोठं कार्ड आणलंत की आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लाय, बदलावा लागेल. प्रोसेसरची पिढी बदलायला निघालात की त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि रॅमही जातील. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसल्याने नवं कार्ड तापेल ते वेगळंच. तीन वर्षांनी हातात राहील ती एसएसडी, तीही ५१२ जीबीची, आणि आताचे मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या वर जागा खातात.

म्हणून खरेदीआधी कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात पाच-सात वर्षं जागची न हलणारी मंडळी लिहा: मदरबोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, रॅम. दुसऱ्यात पुढे बदलायचे ते दोघे, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर. पहिला रकाना आज नीट घ्यायचा, दुसरा आजच्या गरजेपुरता. हात आखडता असला की बहुतेकांचं उलटं होतं. डोळ्यांना दिसेल त्यावर पैसे जातात आणि उरलेल्या चिल्लरीत एसएमपीएस बसवला जातो. "पुढे लागेल" म्हणून आजच जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन ठेवू नका. खरंच लागेल तेव्हा तेवढ्याच पैशात त्याहून चांगला मिळेल.

आधी त्या प्रोसेसरकडे जरा जवळून बघू, कारण या नावाने भलेभले फसतात. रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स, दोन्ही आठ कोअर, सोळा थ्रेडचे. वाटतं, एका अक्षराने काय बिघडणार? पण ५७००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५७००मध्ये १६ एमबी. ५७०० ही मुळात ग्राफिक्ससकट बनवलेली चिप आहे, तिच्यातलं ग्राफिक्स बंद करून विकलेली. आणि बोर्डावरची पीसीआयई, म्हणजे कार्डाशी बोलायची वाट, ४.०ची असली तरी ती कार्डाशी ३.०नेच बोलते. आता यात तुमचं कार्ड जोडा. आरएक्स ७६०० त्या वाटेच्या १६ लेनपैकी (पट्ट्यांपैकी) ८च वापरतं. ४.०वर आठ लेनमधून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, ३.०वर ८ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी मात्र सेकंदाला २८८ जीबीने चालते. गेम कार्डाच्या ८ जीबीत मावतो तोवर ही अरुंद वाट जाणवतही नाही. टेक्श्चर (भिंती, जमीन यांच्यावर चढवलेली चित्रं) मावेनासे झाले की उरलेला माल रॅममध्ये जातो आणि त्या वाटेने ये-जा करू लागतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगला दिसतो, पण कोपरा वळलं की गेम अडखळतो, समोरची भिंत क्षणभर धूसर दिसते आणि मग स्पष्ट होते. लोक दोष विंडोजला देतात, पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारतात, आणि त्रास तसाच राहतो.

शिवाय ५७००मध्ये चित्र दाखवायची सोयच नाही. कार्ड दोन महिन्यांनी आणायचं तर ते दोन महिने पडदा काळा.

डीडीआर४ आणि एएम४ (तुमच्या यादीतला प्रोसेसर बोर्डावर ज्यात बसतो ते सॉकेट) वाईट आहेत असं अजिबात नाही. एएम४ सॉकेट २०१६ साली आलं, आणि २०१७च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डाचा स्वतःचा मूळ प्रोग्राम) अपडेट करून २०२२चा ५८००एक्स३डी चालतो. ज्याच्याकडे असा बोर्ड आधीच आहे त्याने फक्त प्रोसेसर बदलून आणखी काही वर्षं आनंदाने काढावीत. पण नव्याने सुरुवात करताना त्या रस्त्याच्या शेवटच्या थांब्यावर चढण्यात अर्थ नाही. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आलं. त्यावर रायझन ७००० आणि ९००० या मालिका चालतात, आणि २०२७ व त्यानंतरही या सॉकेटला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीवर संपलं, २०२४मध्ये नवीन एलजीए १८५१ आलं. इंटेलचे प्रोसेसर गेमला चालतात, पण "पुढे प्रोसेसर बदलेन" म्हणणाऱ्यासाठी आजचा सरळ रस्ता एएम५चा.

त्यावर रायझन ५ ७६०० घ्या. सहा कोअर, ३२ एमबी कॅश, वीज जास्तीत जास्त ८८ वॅट, कूलर डब्यातच येतो, आणि आत छोटं ग्राफिक्सही आहे. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण नावातला 'एफ' म्हणजे ग्राफिक्स नाही. तुम्हाला कार्ड नंतर घ्यायचंय, तेव्हा तो तुमच्यासाठी नाही. ८४००एफ, ८६००जी आणि ८७००जी यांच्याकडे आकड्याने मोठे म्हणून वळू नका. त्यांच्यात १६ एमबी कॅश आहे आणि कार्डासाठी ८च लेन. ८५००जीमध्ये तर ४. म्हणजे ५७००चीच गोष्ट नव्या सॉकेटवर. पुढे प्रोसेसर बदलाल तेव्हा ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डीच्या जातीचा शोधा. गेममध्ये एक्स३डी प्रोसेसरांतल्या मोठ्या कॅशचा जेवढा फायदा होतो तेवढा नुसत्या जास्त कोअरचा होत नाही.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा. महागडा नको. चार गोष्टी बघा: एसएसडीसाठी एम.२चे किमान दोन स्लॉट, प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक, मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण, आणि कंपनीच्या साइटवरच्या प्रोसेसर-यादीत एक्स३डी प्रोसेसरांची नावं. ए६२०चे अगदी साधे बोर्ड आज ७६०० चालवतील, पण त्यांतल्या काहींना जास्त वॅटचे प्रोसेसर झेपत नाहीत, म्हणजे अपग्रेडचा रस्ता तिथेच बंद. फ्लॅशबॅकचं महत्त्व नंतर कळतं. नवा प्रोसेसर बसवल्यावर जुना बायोस त्याला ओळखत नसेल तर पीसी सुरूच होत नाही, आणि सुरू होत नाही म्हणून नेहमीच्या रीतीने बायोसही बदलता येत नाही. हे बटण असलं की एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल ठेवायची, ठरावीक यूएसबी पोर्टात लावायची, बटण दाबून धरायचं. प्रोसेसरशिवायही काम होतं.

रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, सीएल३० किंवा सीएल३६ (हा आकडा उशिराचा, कमी तेवढा चांगला), १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एक किट. आत्ता ८-८ आणि पुढे आणखी ८-८ हा बेत डीडीआर५वर फसतो. चार पट्ट्या लावल्या की मेमरी कंट्रोलरवर ताण येतो, आणि रायझन ७०००साठी एएमडीने चार पट्ट्यांना दिलेला अधिकृत वेग फक्त ३६०० आहे. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले, त्यामुळे ३२ जीबी झेपत नसेल हेही खरं. तसं असेल तर १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि पुढे तोच मॉडेल नंबर बघून दुसरी आणा. तोपर्यंत एकाच चॅनलवर चालल्याने एफपीएस कमी मिळेल, दोन पट्ट्या पूर्ण जुळतीलच याची खात्रीही नाही. पण घेतलेलं फेकावं लागणार नाही.

कार्डात आजचा खरा प्रश्न मेमरीचा आहे. नव्या गेममध्ये टेक्श्चर 'हाय'च्या वर नेले की १०८०पीवरही ८ जीबी अपुरी पडू लागते. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत एकाच नावाने विकली जातात. डब्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. तुमच्या बजेटला ९०६० एक्सटी १६ जीबी योग्य वाटतं: वीज १६० वॅटच्या आसपास, आणि पूर्ण १६ लेन. तेही हाताबाहेर असेल तर इंटेलचं आर्क बी५८० बघा, १२ जीबीचं. मात्र त्याला बायोसमधलं रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) सुरू असावंच लागतं, नाहीतर त्याचा वेग फार पडतो, आणि जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे राहतं. ८ जीबीचं कार्ड घ्यायचंच झालं तर ते दोन वर्षांत बदलणार हे मनाशी ठरवून, आणि खरंच स्वस्त मिळालं तरच.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत येणारा तो '७५० वॅट' आधी तपासा, म्हणजे का नको ते तुम्हालाच दिसेल. बाजूच्या स्टिकरवर +१२व्ही लिहिलेला रकाना शोधा आणि त्याखालचे अँपिअर १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच लाइनवर जगतात. खऱ्या ७५० वॅटच्या सप्लायवर तिथे ६२च्या आसपास आकडा असतो: ६२ गुणिले १२, म्हणजे ७४४. तिथे ३६ दिसला तर तुमच्या कामाचे वॅट झाले ४३२, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या, फारशा न लागणाऱ्या लाइनींवर मांडून बेरीज फुगवलेली. स्टिकरवर हा रकानाच नसेल तर तो सप्लाय हातात धरू नका.

तुमचा हिशोब असा: प्रोसेसर ८८, कार्ड १६०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ६०. साधारण ३१० वॅट. आजला ५५० पुरेल. पण पुढचं कार्ड २५० ते ३०० वॅटचं असू शकतं, एक्स३डी प्रोसेसर १६२ वॅटपर्यंत मागू शकतो, आणि कार्डं क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतात. ही उडी न सोसल्याने पीसी गेमच्या ऐन मध्यात फट्‌कन बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरूही होतो. पुष्कळ जण याला कार्डाचा दोष समजतात. म्हणून ७५० वॅटचा, एटीएक्स ३.१ मानकाचा, नावाजलेल्या मालिकेतला, सात ते दहा वर्षं वॉरंटी असलेला घ्या. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का विजेची बचत सांगतो, अंगभूत दर्जा सांगत नाही; त्यामुळे त्या मॉडेलची आत उघडून केलेली तपासणी वाचा. वॉरंटीची वर्षंही बरंच बोलतात.

मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणाऱ्या, सप्लायबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पुढे कधी सप्लाय बदललात तर जुन्या वायरी एकूण एक काढा. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांची, वेगळी असते. प्लग बरोबर बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह जळते.

लिक्विड कूलर काढून टाका. ७६००ला डब्यातला कूलर पुरतो. आवाज खटकला तर चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर लावा, तो पुढच्या प्रोसेसरलाही चालेल. कॅबिनेट पुढून जाळीचं, आत येणारे दोन पंखे पुढे आणि बाहेर फेकणारा एक मागे. कार्डासाठी ३३० मिलिमीटरच्या वर लांबी आणि कूलरसाठी १६० मिलिमीटर उंची आहे ना, एवढं मापात पाहा. काचेच्या आड सहा पंखे असले तरी हवा यायला फटच नसते, मग ते आतलीच गरम हवा घुसळत बसतात. एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई, जेन ४, टीएलसी. वेगाचा मोठा आकडा शोधत बसू नका, गेम उघडायला त्याने सेकंद-दोन सेकंदांचाच फरक पडतो. दुसरा एम.२ स्लॉट पुढच्या ड्राइव्हसाठी राहू द्या.

या सगळ्याला एकूण रक्कम १०० धरली तर वाटणी साधारण अशी बसते: कार्ड ३६, प्रोसेसर १८, बोर्ड १३, रॅम १२, एसएमपीएस ८, एसएसडी ८, कॅबिनेट ५. रॅमचे भाव वर गेले की आधी कार्डातून कापा. एसएमपीएसला हात लावू नका.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६०हून जास्त फ्रेम दिसणारच नाहीत. म्हणून मोठं कार्ड थांबवून ठेवणं तुमच्या बाबतीत फारसं नडत नाही. पुढे १४४०पीचा मॉनिटर घ्याल तर लक्षात असू द्या, त्यात पिक्सेल १०८०पीपेक्षा पावणेदोन पटींहून जास्त आहेत, तेव्हा मोठं कार्ड आणि तो मॉनिटर एकाच वेळी आणावेत.

तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालेल, पण ७६०० असेल तरच. बाकी सगळं एकदम घ्या आणि आठवड्याच्या आत जोडून चालवून बघा. दर महिन्याला एकेक भाग आणून कपाटात ठेवायची चूक करू नका. बोर्ड खराब निघाला हे तिसऱ्या महिन्यात कळलं तर बदलून मिळण्याची मुदत गेलेली असते. कार्ड येईपर्यंत जुने, हलके गेम आणि रोजची कामं होतील, त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका.

जोडताना चार ठिकाणी गाडी अडते. एएम५च्या पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये आहेत. प्रोसेसर अलगद ठेवा, दाबू नका, सरकवू नका. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांखालीच हवेत; एखादा भलतीकडे राहिला तर शॉर्ट होतो. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची ८ पिनची वायर ४+४ अशी फुटते आणि कार्डाची ६+२ अशी, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पंखे फिरतात पण चित्र येत नाही, अशा वेळी बहुधा प्रोसेसरची वायर लावायचीच राहिलेली असते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. डीडीआर५ त्या वेळात स्वतःला जुळवून घेत असते, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून बंद-चालू केलंत की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून दहा मिनिटं हात बांधून बसा. मग बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर चालत राहील. रिसायझेबल बार सुरू आहे का बघा, आणि विंडोज टाकण्याआधीच सिक्युअर बूट सुरू करा. व्हॅलरंट विंडोज ११वर आणि बॅटलफील्ड ६ त्याच्याशिवाय उघडत नाहीत.

दोन वर्षांनी आधी कार्ड बदलायचं की प्रोसेसर, हे अंदाजाने ठरवू नका. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, तुमचा नेहमीचा गेम लावा आणि कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय. ६०-७० टक्क्यांवर अडकला असेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस हलत नसेल, तर अडचण प्रोसेसरची आहे.

आणि कार्ड बसवलंत त्या दिवशी मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावा. दोन महिने ती बोर्डाला असेल, हात सवयीने तिकडेच जाईल, आणि नवं कार्ड आत नुसतं बसून राहील.